मोजणारा बाप

मेहकर म्हटलं की लोकांना बुलढाण्याचं मेहकर आठवतं. मी म्हणतो ते बीदर जिल्ह्यातलं, भालकी तालुक्यातलं. १९५६ साली जुना बीदर जिल्हा तुटला. उदगीर, निलंगा मुंबई राज्यात गेले, भालकी म्हैसूर राज्यात. सोयरिकी मात्र रेषेच्या दोन्ही अंगांना तशाच चालू आहेत. मेहकरातल्या एखाद्या पोराला आणि निलंग्याच्या त्याच्या मावसभावाला एकच आनुवंशिक आजार निघाला, तर एकाची नोंद बंगळुरूच्या हिशेबात, दुसऱ्याची मुंबईच्या. दोन्हीकडे तो एकटाच. म्हणून ‘दुर्मिळ’ या शब्दावर माझा चटकन विश्वास बसत नाही. रेघ कुठे ओढली आणि मोजायला कोण गेलं, यावरही दुर्मिळपण ठरतं.

नागपूरचे संपत रामटेके मोजायला गेले. त्यांच्या मुलाला सिकलसेल होता. या आजारात गोल असायच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. थंडी वाढली, अंगातलं पाणी कमी झालं की हाडांतून कळा येतात. आईबाप दोघंही वाहक असले तर दर गरोदरपणात मूल आजारी निघण्याची शक्यता चारात एक. वाहकाला स्वतःला सहसा काही होत नाही, त्यामुळे घरात हे आहे याचा पत्ता मूल तळमळायला लागल्यावरच लागतो. शिकागोच्या डॉक्टर हेरिक यांनी १९१० साली या पेशींचं वर्णन केलं. विदर्भातल्या दलित-आदिवासी वस्त्यांत कळा होत्याच, नाव पोहोचायला फार उशीर झाला.

रामटेके यांनी सिकलसेल सोसायटी ऑफ इंडिया उभी केली. अशा कामातली सगळ्यांत अवघड गोष्ट मला वाटते ती लग्नाआधी रक्त तपासायला सांगण्याची. ज्या घरात पोरीचं लग्न जुळवताना जीव मेटाकुटीला येतो, तिथे हे कोण ऐकून घेईल? डॉक्टरनं सांगितलं तर तो हुकूम वाटतो. स्वतःचं पोर रात्र रात्र उशाशी बसून सांभाळलेला बाप बोलला, तर दार निदान लागत नाही. आपण याला त्याग म्हणून मोकळे होतो. मला ते ज्ञान वाटतं, आणि ते दुसऱ्या कुणाकडे नसतं.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया आले. पण सरकारी नोकरीतल्या ४ टक्के आरक्षणाच्या यादीत रक्ताचे हे आजार नाहीत. म्हणजे अपंगत्व मान्य, त्याचा नोकरीतला हक्क अमान्य. रामटेके २०१७ साली गेले. २०१८ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. त्या सन्मानाचा मला आनंदच आहे. पण ‘असामान्य बाप’ म्हणून आपण त्यांना पुन्हा एकटं पाडतो, आणि त्यांची सगळी हयात तर एकटेपण मोडण्यात गेली होती.

बंगळुरूचे प्रसन्न शिरोल यांचंही तेच. मुलगी निधी ही पॉम्पे या दुर्मिळ आनुवंशिक आजाराचं निदान झालेली भारतातली पहिली रुग्ण. वडिलांनी तिच्यापुरतं न पाहता दुर्मिळ आजारांच्या सगळ्या कुटुंबांसाठी संघटना बांधली. २०२३ साली निधी गेली.

त्याच वर्षी जुलैत राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. या बापांच्या नावानं काही करायचंच असेल, तर मी शाल-श्रीफळ मागणार नाही. भालकी आणि निलंग्याच्या दवाखान्यांत एकच नोंदवही हवी, मराठीत आणि कन्नडमध्ये, म्हणजे त्या दोन मावसभावांची नावं एकाखाली एक येतील.