कच्चे मडके

शास्त्रपाठ : यिर्मया १८:१–६, प्रेषितांची कृत्ये १५:३६–४०, २ तीमथ्य ४:९–११



हिंगोली जिल्ह्यात कयाधू नदीच्या काठी नरसी नावाचे गाव आहे. आमच्या वारकरी शेजाऱ्यांस ते नामदेव महाराजांचे जन्मस्थान म्हणून पूज्य आहे, आणि म्हणून लोक त्यास नरसी नामदेव असेच म्हणतात. मंडळ्यांच्या भेटीस जाता-येता आम्ही त्या वाटेने पुष्कळदा गेलो आहोत, आणि प्रत्येक वेळी नामदेवांविषयीची ती एक गोष्ट आमच्या मनात आल्यावाचून राहिली नाही. तुमच्यापैकी बहुतेकांनी ती लहानपणी ऐकलीच असेल. तेरच्या गोरोबा कुंभाराच्या घरी संतमंडळी जमली होती. मुक्ताबाईची दृष्टी तेथल्या थापटण्याकडे गेली व हे कशास म्हणून तिने विचारले. मडके पक्के की कच्चे हे याने कळते, असे गोरोबाने सांगितले. आणि मग एकेकाच्या डोक्यावर ते थापटणे बसू लागले. सारे मुकाट्याने बसून राहिले. नामदेव मात्र रागावले, त्यांस तो अपमान वाटला. आणि कुंभाराने निवाडा दिला की, एवढे एक मडके कच्चे आहे.

ही गोष्ट आम्ही एकदा उपासनेत सांगितली तेव्हा मंडळीचे एक वडील नाराज झाले. आपल्या व्यासपीठावर नामदेवांचे काय काम, असे त्यांचे म्हणणे पडले. परंतु प्रभूने स्वतः शेजारधर्म शिकवताना शोमरोन्याचा दाखला दिला, याजकाचा दिला नाही. आणि आपले रेव्हरंड नारायण वामन टिळक तुकोबांचे ऋण उघडपणे मान्य करीत असत. ज्या मातीत आपण वाढलो त्या मातीतल्या शहाणपणाची आम्हांस लाज वाटत नाही.

तर नामदेवांत उणे ते काय होते? भक्ती थोडी होती असे कोणी म्हणणार नाही. उणे एवढेच की, आपण देवाच्या जवळचे आहोत हे त्यांस फार ठाऊक होते. पण गोष्टीचा खरा भाग आम्हांस याच्या पुढचा वाटतो, आणि सांगणारे बहुधा तो भरभर सांगून टाकतात. नामदेव रुसून भक्ती सोडून गेले नाहीत. परंपरा सांगते की, ते औंढा नागनाथास विसोबा खेचरांकडे गेले व शिष्य होऊन शिकले. हिशेब करून पाहा. नामदेवांचा जन्म १२७० सालचा मानतात. ज्ञानदेवांची समाधी १२९६ सालची. तेव्हा ही गोष्ट घडली ती नामदेव अवघे पंचविशीच्या आसपास असताना. पुढे ते १३५० पर्यंत जगले. थापटणे बसल्यानंतर पन्नासांहून अधिक वर्षे! त्या वर्षांत ते पंजाबापर्यंत गेले. तेथील घुमान गावी त्यांचे नाव आजही घेतात, आणि शिखांच्या ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत. ज्यास कच्चे म्हटले त्याच मडक्याने एवढ्या दूर पाणी नेले. निवाडा एका क्षणाचा होता. भाजणे पन्नास वर्षांचे होते.

आता आपणांकडे येऊ. आपल्या मंडळ्यांत एक समजूत खोल बसली आहे की, बाप्तिस्मा झाला म्हणजे मडके पक्के झाले. नाव रजिस्टरात आले, पाळकाने हात ठेवला, संपले. बंधूंनो, बाप्तिस्मा म्हणजे कुंभाराने आपणांस चाकावरून उतरवून घेतले एवढेच. आकार आला, मालकी ठरली. पाणी भरण्याजोगे होणे अजून पुढे आहे. कुंभाराला विचारा. तो ओले मडके लगेच आव्यात घालीत नाही, घातले तर ते तडकते. प्रथम सावलीत सुकवतो, थापटून थापटून त्याची अंगे सारखी करतो, आणि मग विस्तव. थापटण्याचे मूळ काम हे आहे. आतून एका हाताचा आधार देऊन बाहेरून थापटावयाचे. आतला हात नसेल तर तेच थापटणे मडके मोडते. हे आम्ही पुस्तकात नव्हे, एका कुंभाराच्या अंगणात पाहिले, आणि पाहून घरी आलो ते मान खाली घालून. त्याचे कारण पुढे सांगू.

या भागातील तुम्ही बहुतेक हळदीचे लोक आहात. मृगाच्या सुमारास कंद लावता आणि आठ-नऊ महिने जमिनीखाली काय चालले आहे ते कोणासही दिसत नाही. वर पाने दिसतात. ती हिरवीगार असली म्हणून कंद भरला असे कोणी म्हणत नाही. उलट पाने वाळून पिवळी पडतात तेव्हा काढणीची वेळ येते. मग शिजवणे, मग उन्हात वाळवणे, मग पिंपात घालून घासणे. तेव्हा कोठे हळकुंडास रंग चढतो. मार्काच्या चौथ्या अध्यायात प्रभूने पेरणाऱ्याविषयी सांगितले आहे की, तो निजतो, उठतो, आणि बीज कसे वाढते ते त्यास कळतही नाही. आपल्या लोकांनी एक म्हण मात्र हळदीवरूनच केली आहे, अर्ध्या हळकुंडाने पिवळे होण्याची. चार स्तोत्रे पाठ झाली, एकदा सभेत प्रार्थना केली, की आपण पिवळे होतो. आणि उपदेशक बंधूंनो, हा रोग मंडळीपेक्षा आपणांत अधिक आहे.

पंडिता रमाबाईंची साक्ष या बाबतीत ऐकण्यासारखी आहे. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात झाला. त्या संस्कृत पंडिता. शास्त्र समजावयास त्यांस काय उशीर? तरीही त्यांनी स्वतः प्रांजळपणे लिहून ठेवले आहे की, बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांस उमगले की, आपणांस ख्रिस्ती धर्म सापडला आहे पण ख्रिस्त स्वतः अजून सापडलेला नाही. आठ वर्षे! त्या काळात शारदासदन उघडले होते, विधवा मुलींची सेवा चालली होती, लोक त्यांस थोर ख्रिस्ती म्हणत होते. दुसरी कोणी बाई असती तर ही गोष्ट झाकून ठेवती. त्यांनी ती सांगितली, म्हणून पुढील तीस वर्षांचे काम उभे राहिले: दुष्काळातील मुलींना केडगावी आश्रय, मुक्तीचा छापखाना, आणि उतारवयात इब्री व ग्रीक भाषा शिकून साध्या बायकांस कळेल अशा मराठीत संपूर्ण पवित्र शास्त्राचे भाषांतर. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचा अंत झाला. आदल्याच वर्षी एकुलती एक मुलगी मनोरमा गेली होती. त्याही दुःखात त्यांनी भाषांतराचे काम हातचे सोडले नाही.

लक्ष्मीबाई टिळकांची वाट याहून वेगळी, आणि आमच्या मते खेड्यातील बायांस अधिक जवळची. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्या त्यांच्याबरोबर आल्या नाहीत. रडल्या, भांडल्या, मुलास घेऊन दूर राहिल्या. पुढे एकत्र आल्या तरी आपले सोवळे त्यांनी एकाएकी टाकले नाही. कोणी घाई केली नाही. दिवसामागून दिवस गेले, शिवाशिवीचे बंध एकेक करून मनातून गळून पडले, आणि १९०० साली त्यांनी आपण होऊन बाप्तिस्मा घेतला. शाळेचे तोंड न पाहिलेली ही बाई. परंतु १९१९ साली टिळक गेले व त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले, तेव्हा त्याचे बहुतेक अध्याय हिनेच लिहिले. १९३६ साली त्या वारल्या, आणि ग्रंथ त्यांच्या मागे छापला गेला. पतीच्या ज्या श्रद्धेपायी संसार मोडला असे तिला वाटले होते, त्याच श्रद्धेचे काव्य तिने पुरे केले! नवऱ्याने किंवा पाळकाने १८९५ सालीच त्यांच्या डोक्यावर थापटणे मारून कच्चे म्हटले असते, तर काय झाले असते, याचा विचार घरोघरच्या नवऱ्यांनी करावा.

आता आमचे स्वतःचे सांगतो.

आमच्या देखरेखीखालील एका गावी एक तरुण कुटुंब होते. गाव व नाव सांगत नाही. बाप्तिस्मा होऊन तीन वर्षे झाली होती. नवरा-बायकोने मुकादमाकडून उचल घेतली आणि दिवाळीनंतर ती उसाच्या टोळीबरोबर कारखान्याकडे गेली. सहा महिने ती कोपीत राहिली. मध्यरात्री उठून कोयता, दिवसभर मोळ्या, रविवार कोणता ते कळण्याची सोय नाही. परत आली तेव्हा आमच्या कानावर आले की, नवरा तेथे दारू पिऊ लागला होता, आणि टोळीच्या लोकांनी जत्रेत बकरे कापले त्याच्या वर्गणीत त्यानेही पैसे दिले होते. गोष्ट खरी होती. आम्ही काय केले? प्रभुभोजनाच्या दिवशी साऱ्या मंडळीसमक्ष त्याचे नाव घेऊन त्यास मागे बसविले. शिस्त म्हणून केले, आणि घरी जाताना आपण कर्तव्य केले असे समाधानही वाटले. पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. बायको व दोन मुले यांचे येणेही थांबले.

महिन्याभराने मंडळीतील एक म्हातारी आमच्याकडे आली. तिला वाचता येत नाही. ती म्हणाली, “पाळकबाबा, सहा महिने त्याला कोनी इचारलं व्हतं का, तू जेवला का, तू प्रार्थना करतो का? तवा कोनी गेलं न्हाई. आन् चुकला तवा समदे गोळा झाले.” एवढे बोलून ती उठून गेली. आम्ही धर्मशाळेत ग्रीक शिकलो, शिस्तीच्या नियमांची परीक्षा दिली; परंतु त्या दिवशी थापटणे आमच्या डोक्यावर बसले आणि आवाज कच्च्या मडक्याचा आला. खोटे कशास बोलावे, आम्हांसही प्रथम रागच आला.

त्या रात्री आम्ही योहान मार्काचा वृत्तांत पुन्हा वाचला. पंफुल्यात तो पौलास सोडून घरी परतला. दुसऱ्या प्रवासाच्या वेळी पौल म्हणाला, याला नको. बर्णबा म्हणाला, याला घेऊ. दोघा प्रेषितांत इतका तंटा झाला की त्यांच्या वाटा निराळ्या झाल्या. पौलाची चूक होती असे शास्त्र म्हणत नाही. आम्हीही म्हणत नाही. मार्क खरोखरच कच्चा होता. पण बर्णबाने त्यास बरोबर घेतले व कुप्रास नेले, आणि त्यानंतर बरीच वर्षे शास्त्र त्यांच्याविषयी मौन धरते. मग पौल तुरुंगात, मरणाच्या दारी. देमास जगाच्या प्रीतीने त्यास सोडून गेला आहे. आणि अशा वेळी तो तीमथ्यास लिहितो की, मार्कास घेऊन ये, तो मला उपयोगी आहे. एकाच पत्रात, एकमेकांस लागून, टिकलेल्या मनुष्यासारखा दिसणारा देमास गेलेला आहे आणि पळून गेलेला मार्क टिकलेला आहे! मधल्या वर्षांत मार्काच्या आत हात कोणाचा होता, ते सांगावयास नको.

आणखी एक गोष्ट त्या कुंभाराने आम्हांस सांगितली. भाजलेले मडके फुटले की त्याचे खापर होते, परत मडके होत नाही. पण कच्चे मडके मोडले तर ते पाण्यात भिजवून पुन्हा चाकावर घालता येते. यिर्मया कुंभाराच्या घरी उतरला तेव्हा त्याने हेच पाहिले होते. म्हणून कच्चेपणाची आम्हांस आता पूर्वीइतकी भीती वाटत नाही. मन खापरासारखे कडक झाले, आपणांस आता कोणी शिकवावयास नको असे वाटू लागले, त्याची अधिक वाटते. आणि ती प्रथम आमच्या स्वतःविषयी.

आम्ही त्या घरी गेलो. पहिल्या वेळी दार उघडले नाही. दुसऱ्या वेळी बायकोने पाणी दिले. तिसऱ्या वेळी आम्ही त्या तरुणाची क्षमा मागितली, दारूबद्दल एक शब्दही न काढता. तो काही बोलला नाही. उपासनेस तो अजून येत नाही, हे आम्ही लपवीत नाही. मुले मात्र शब्बाथशाळेत येऊ लागली आहेत.

दसऱ्यानंतर टोळ्या पुन्हा निघतील. उपदेशक बंधूंस आमची विनंती आहे की, आपल्या मंडळीतून कोण कोण जाते, कोणत्या मुकादमाबरोबर, कोणत्या कारखान्याकडे, याची यादी आताच करावी. निघण्याच्या आदल्या रात्री त्यांच्या घरी जाऊन प्रार्थना करावी. ज्यांच्यापाशी फोन आहे त्यांस रविवारी संध्याकाळी फोन करावा. उपदेश करू नये, ख्यालीखुशाली विचारावी व एक लहान प्रार्थना करावी. हंगामात एकदा तरी मंडळीतील कोणी त्यांच्या कोपीपर्यंत जाऊन यावे, गाडीभाडे मंडळीच्या दानातून द्यावे. त्यांची मुले मागे आजीपाशी राहिली असतील तर त्यांची शाळा बुडत नाही ना, हे पाहावे.

आमच्या गावची यादी आम्ही गेल्या आठवड्यात सुरू केली. त्या तरुणाकडे जाण्यास आमचे मन कचरत होते, म्हणून उपदेशकास पाठविले. उपदेशकाने वही पुढे केली. तो तरुण थोडा वेळ थांबला, मग पेन घेऊन, यंदा जेथे त्याची कोपी पडणार आहे त्या गावाचे नाव त्याने आपल्या हाताने लिहून दिले.