पराभव कोणत्या अर्थाने मान्य?

‘मान्य आहे’ हे आपण दोन अर्थांनी म्हणतो. ‘शेवटची गाडी गेली, मान्य’ यात नुसती नोंद असते. ‘तुमचं म्हणणं मान्य’ यात संमती. मग निवडणुकीतला पराभव मान्य करायचा तो कोणत्या अर्थाने?

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात १६ नोव्हेंबर २०१८ रोजी हा प्रश्न उघडपणे पुढे आला. गव्हर्नरपदाच्या (हे पद आपल्या मुख्यमंत्र्यासारखं, राजभवनातलं नव्हे) डेमोक्रॅटिक उमेदवार स्टेसी अब्रॅम्स म्हणाल्या, की ब्रायन केम्प विजयी घोषित होतील हे मला दिसतं आहे; पण हे पराभव मान्य करणारं भाषण नाही, कारण मान्य करणं म्हणजे झालं ते योग्य झालं असं म्हणणं. सुमारे ३९ लाख मतांत फरक होता ५५ हजारांच्या आसपास. आणि मतदान पार पडेपर्यंत राज्याच्या निवडणूक यंत्रणेचे प्रमुख होते खुद्द केम्प. पंच आणि खेळाडू एकच.

मला यात अब्रॅम्स यांची आधीची कारकीर्द महत्त्वाची वाटते. २०११ ते २०१७ या काळात त्या राज्याच्या कनिष्ठ सभागृहात अल्पमतातल्या पक्षाच्या नेत्या होत्या. अशा नेत्याला हरणं नवं नसतं. विधेयक आपल्या विरोधात मंजूर होतं, दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच बाकावर जाऊन बसायचं. ते विधेयक योग्य आहे असं म्हणण्याची सक्ती मात्र कुणी करत नाही. कधी तडजोडही करावी लागते. २०११ मध्ये लॉटरीच्या पैशांवर चालणाऱ्या होप शिष्यवृत्तीत कपात होणार होती. तेव्हा त्यांनी रिपब्लिकन गव्हर्नर नेथन डील यांच्याशी बोलणी केली, बालवाडीचा पूर्ण दिवस वाचवला आणि कपातीला पाठिंबा दिला. पक्षातल्या काहींनी ते सात वर्षांनीही उगाळलं.

म्हणून २०१८चा नकार मला प्रामाणिक वाटतो. नोंद दिली, संमती राखून ठेवली. सत्ता शांतपणे हाती जायला नोंद पुरते. संमती ही विजेत्याची जास्तीची मागणी.

अडचण त्यापुढे आहे. २०१९ मध्ये, निवडणूक आपणच जिंकलो, असं त्या म्हणू लागल्या. प्रक्रिया सदोष होती आणि निकाल चुकीचा होता, या दोन विधानांत फार अंतर आहे. ते पार करायला आकडे लागतात, ते पुढे आले नाहीत. त्यांनी स्थापन केलेल्या संस्थेच्या दाव्यावर सप्टेंबर २०२२ मध्ये संघीय न्यायालयाने सांगितलं, की जॉर्जियाच्या पद्धती निर्दोष नाहीत, पण त्यांनी संविधानाचा किंवा मताधिकार कायद्याचा भंगही होत नाही.

इथे ट्रम्प यांच्याशी तुलना होतेच. २ जानेवारी २०२१ रोजी त्यांनी याच राज्याच्या निवडणूक प्रमुखाला फोन करून ११,७८० मतं शोधायला सांगितलं. अब्रॅम्स यांनी कुणाला मतं शोधायला लावली नाहीत, केम्प यांचा शपथविधी अडवला नाही. हा फरक लहान नव्हे. तरी ते ‘जिंकलो’ मला डाचतं.

२०२२ मध्ये दोघं पुन्हा समोरासमोर आले. फरक साडेसात टक्क्यांचा. अब्रॅम्स यांनी त्याच रात्री पराभव मान्य केला. मतदानाच्या नियमांबद्दलचं त्यांचं मत मात्र होतं तेच राहिलं.