हजेरीची हमी आणि ऐपतीचा दाखला

ज्याचा गुन्हा अद्याप सिद्ध झालेला नाही अशा माणसाला खटल्याचा निकाल लागेपर्यंत मोकळे ठेवावे की कोंडून ठेवावे, हा प्रश्न वरवर पाहता फौजदारी कार्यपद्धतीचा असला, तरी माणसाच्या शब्दावर समाजाने कितपत आणि कशाच्या आधारावर विसंबावे, हा नीतिशास्त्राचा जुना प्रश्न त्याच्या मुळाशी आहे. धर्मशास्त्राने त्याचा विचार प्रातिभाव्य, म्हणजे जामीनकी, या विषयाखाली केला असून याज्ञवल्क्यस्मृतीत प्रतिभूचे, म्हणजे जामीनदाराचे, तीन प्रकार येतात : अमुक मनुष्य वेळेवर समोर हजर होईल असे सांगणारा दर्शनप्रतिभू, तो भरवशाचा आहे असे सांगणारा प्रत्ययप्रतिभू, आणि त्याने देणे चुकवले तर ते आपण फेडू असे सांगणारा दानप्रतिभू. पहिल्या दोघांची जबाबदारी त्यांच्या मृत्यूबरोबर संपते, तिसऱ्याची मात्र मुलांकडे उतरते. याचा अर्थ असा की, हजेरीची हमी ही स्मृतिकारांच्या दृष्टीने माणसाने माणसाबद्दल दिलेली हमी होती आणि मालमत्तेची हमी ही त्याहून वेगळी, वारशाने उतरणारी गोष्ट होती. मराठी कागदपत्रांतील हाजीरजामीन आणि मालजामीन ही जोडीही हाच भेद पाळते.

आजचा फौजदारी जामीन तत्त्वतः पहिल्या प्रकारचा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार जामीनपात्र गुन्ह्यात, म्हणजे ज्यात जामीन हा आरोपीचा हक्क आहे अशा गुन्ह्यात, पोलीस ठाण्यातूनही सुटका होऊ शकते. अजामीनपात्र गुन्ह्यात जामीन अशक्य नसतो, तो न्यायालयाच्या विवेकावर सोपवलेला असतो, एवढेच. आरोपी पळून जाईल का, साक्षीदारांवर दबाव आणील का, पुरावा नष्ट करील का, याचा अंदाज न्यायालय घेते आणि गुन्ह्याचे गांभीर्यही तोलते. परंतु जामीन नाकारणे ही आगाऊ शिक्षा नव्हे, हे तत्त्व न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या १९७७ च्या बालचंद निकालापासून न्यायालये वारंवार सांगत आली आहेत. अटक झालेल्यास प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यासमोर उभे करावे लागते. तेथे पोलीस कोठडी मिळाली, म्हणजे कोर्टाच्या बोलीत 'पीसीआर' झाला, तर तपास चालू असतो. न्यायालयीन कोठडी, म्हणजे 'एमसीआर', सुनावली गेली की जामीन अर्जाची खरी धावपळ सुरू होते. अर्जावर सरकारी वकिलांचा 'से', म्हणजे लेखी म्हणणे, मागवले जाते आणि अनेकदा पुढची तारीख त्या 'से'साठीच पडते. तपास कायद्याने ठरवलेल्या मुदतीत, गुन्ह्याच्या स्वरूपानुसार साठ किंवा नव्वद दिवसांत, पुरा झाला नाही, तर आरोपीला जामिनाचा हक्क प्राप्त होतो. मात्र त्यासाठीही आरोपपत्र येण्याआधी अर्ज करावा लागतो.

हे सारे पुस्तकात स्वच्छ दिसते, पण अंबरनाथ पूर्वेच्या पालेगावासारख्या ठिकाणी त्याची कसोटी लागते. जुन्या गावठाणाच्या भोवती गृहसंकुले उभी राहिलेल्या, औद्योगिक वसाहतीच्या आश्रयाने भाडेकरूंनी भरलेल्या या परिसरात शेजाऱ्याला शेजाऱ्याचे आडनाव ठाऊक नसणे नवलाचे नाही. अशा घरातला तरुण अटकेत जातो तेव्हा कुटुंब उल्हासनगर-कल्याणच्या न्यायालयांत प्लास्टिकच्या पिशवीत आधारकार्डे, वीजबिल आणि अकरा महिन्यांचा भाडेकरार घेऊन फिरते, आणि आदेशात मात्र 'एक सक्षम स्थानिक जामीनदार' असे लिहिलेले असते. सक्षम म्हणजे ज्याच्याकडे सातबारा, घरपट्टीची पावती, पगारपत्रक किंवा तहसीलदारांचा ऐपतीचा दाखला आहे असा. याज्ञवल्क्याच्या भाषेत बोलायचे तर न्यायालयाला दर्शन हवे असते आणि व्यवहारात दानाची कागदपत्रे मागितली जातात. या गोंधळावर सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्येच बोट ठेवले होते : मोतीराम नावाच्या गवंड्याला दंडाधिकाऱ्याने दहा हजार रुपयांचा जामीनदार मागितला आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून ती नाकारली, तेव्हा कृष्ण अय्यर यांनी हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर, म्हणजे आरोपीच्या स्वतःच्या लेखी हमीवर, त्याला सोडण्यास सांगितले. उल्हासनगर हे शहरच फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत उतरलेल्या सिंधी निर्वासितांतून उभे राहिले आहे. सातबारा मागे टाकून आलेल्यांच्या या शहरात स्थानिकत्वाचा आग्रह धरणे थोडे विचित्रच म्हणावे लागेल.

वकील शोधण्याचा प्रश्नही याच ओळखीच्या गाठीत अडकलेला आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनी वकिलाला जाहिरात करून पक्षकार मिळवण्यास मनाई केली आहे, आणि ती मनाई व्यवसायाच्या प्रतिष्ठेसाठी योग्यच आहे. पण तिचा परिणाम असा की, वकिलाचे नाव तोंडोतोंडीच कळते आणि ज्याचे गावात कोणी नाही त्याला ते कोर्टाच्या आवारात घुटमळणाऱ्या मध्यस्थाकडून कळते. वास्तविक संविधानाच्या अनुच्छेद २२ ने आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क दिला आहे, आणि पोलीस कोठडीतील स्त्रियांविषयीच्या शीला बर्से विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९८३ च्या निकालाने अटकेची माहिती जवळच्या विधी साहाय्य समितीला देण्याचे बंधन पोलिसांवर घातले आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने कोठडीतील व्यक्तीला मोफत वकील मिळतो, आणि जिल्हा पातळीवर त्यासाठी लोकअभिरक्षक कार्यालय ही पूर्णवेळ बचाव वकिलांची रचना आली आहे. खासगी वकील नेमायचा तर त्याची सनद पाहणे, वकीलपत्रावर काय लिहिले आहे ते वाचून सही करणे आणि फी कोणत्या टप्प्यापर्यंतची आहे ते आधी विचारणे, एवढे तरी करावे. जामीन 'नक्की' करून देतो असे सांगणाऱ्यापासून लांब राहावे, कारण तो निर्णय वकिलाच्या हातात नसतोच.

ओळख आणि पैसा असलेल्यांनाही न्यायालयाचा विवेक सारखा लाभत नाही, याचे प्रसिद्ध मराठी उदाहरण लोकमान्य टिळकांचे आहे. १८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्यात न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांनी त्यांना जामिनावर सोडले आणि टिळक खटल्याला हजर राहिले. १९०८ मध्ये टिळकांच्या वतीने जिनांनी तसाच अर्ज न्यायमूर्ती दावर यांच्यापुढे केला तेव्हा तो फेटाळला गेला, आणि १८९७ मध्ये टिळकांच्या जामिनासाठी युक्तिवाद करणारे बॅरिस्टर हेच दावर होते. मधल्या अकरा वर्षांत टिळक कमी विश्वासार्ह झाले होते असे म्हणता येणार नाही. प्रत्यय, म्हणजे भरवसा, हा आरोपीच्या गुणापेक्षा पाहणाऱ्याच्या स्थानावर अवलंबून राहतो, ही अस्वस्थ करणारी बाब यातून दिसते.

भक्तिपरंपरेने हमीचा प्रश्न दामाजीपंतांच्या कथेत सोडवला आहे, पण तो तिच्या पद्धतीने. दुष्काळात मंगळवेढ्याचे सरकारी धान्य लोकांना वाटून टाकणाऱ्या दामाजीला बेदरच्या बादशहाने पकडून आणण्यास सांगितले, तेव्हा विठ्ठल विठू महाराच्या रूपाने दरबारात गेला, धान्याची किंमत मोजली आणि पावती घेतली. येथे देवालाही दर्शनप्रतिभू होणे पुरले नाही. दामाजी सज्जन आहे, तो स्वतः येऊन जबाब देईल, एवढे म्हणून त्याची सुटका झाली नसती. कथेत भाविक जो चमत्कार मानतात तो रक्कम आली यात आहे, आणि सत्तेने माणसाऐवजी रकमेवर विश्वास ठेवावा हे कथेने गृहीतच धरले आहे. कात्यायनस्मृती तर याहून रोखठोक आहे : ज्याला प्रतिभू मिळत नाही त्याला पहाऱ्यात ठेवावे आणि दिवस संपल्यावर पहारेकऱ्याचे वेतन त्यानेच द्यावे. आज असे वेतन कोणी मागत नाही, पण कल्याणच्या आधारवाडी कारागृहात राहणाऱ्या रोजंदाराची बुडालेली मजुरी हा त्याच हिशेबाचा भाग आहे.

नागरिक सुरक्षा संहितेने जामीनपात्र गुन्ह्यापुरता एक मार्ग ठेवला आहे : आठवड्याच्या आत जामीनदार देऊ न शकणारा मनुष्य निर्धन आहे असे गृहीत धरून त्याला जातमुचलक्यावर सोडावे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ च्या निर्देशांत स्थानिक जामीनदाराची अट टाळावी असे सुचवले, आणि जामीन मंजूर होऊनही सात दिवसांत न सुटलेल्यांची माहिती जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला देण्यास तुरुंग अधीक्षकांना सांगितले. त्याच वर्षी केंद्राने गरीब कैद्यांसाठी आणलेल्या योजनेत काही गुन्हे वगळून जामिनाची रक्कम शासन भरते; २०२३ मध्ये तिची मर्यादा चाळीस हजार रुपये होती. आरोप ठेवणारे, रक्कम मागणारे आणि ती भरणारे शासन येथे एकच झाले आहे, आणि तरीही रकमेची अट तशीच राहिली आहे.