जिव्हेवरील गुरुलिंग

'सुरतेचे जेवण आणि काशीचे मरण' ही म्हण गुजरातेत सर्वांच्या तोंडी आहे. एक सुख जिभेचे, दुसरे जिवाचे. लोकांनी दोन्ही एकत्र गुंफली. सुरतेत कापडाच्या व्यवसायानिमित्त स्थायिक झालेल्या एका मराठी सद्भक्ताने याच अनुषंगाने आम्हास प्रश्न केला. कतारगामच्या कंतारेश्वर महादेवाचे दर्शन पाहुण्यांना घडवावे, तर दर्शन घटकाभरात आटोपते आणि मग घारी, उंधियू, लोचो यांचा शोध सुरू होतो. थंडीत पोंक हवाच. पोंक म्हणजे आपला हुरडा. ज्वारीची कोवळी कणसे भाजून काढलेले हिरवे दाणे लिंबू-मिऱ्याच्या शेवेबरोबर खातात. 'देवदर्शनास जाऊन असे चवीने खाणे हा भक्तीतील उणेपणा नव्हे काय?'

शरणबंधूंनो, प्रश्न लहान दिसला तरी त्याचे मूळ खोल आहे. पुष्कळ साधकांची अशी समजूत असते की बेचव ते पवित्र आणि रुचकर ते पापमूलक. शिवशरणांचा सिद्धांत असा नाही. षट्स्थलशास्त्रात नासिकेच्या ठायी आचारलिंग, जिव्हेच्या ठायी गुरुलिंग, नेत्रांच्या ठायी शिवलिंग, त्वचेच्या ठायी जंगमलिंग, श्रोत्रांच्या ठायी प्रसादलिंग आणि हृदयाच्या ठायी महालिंग सांगितले आहे. जिव्हेने अर्पावयाचा पदार्थ म्हणजे रुची. ज्या जिभेवर साक्षात् गुरुलिंग वसते, ती शत्रू कशी ठरेल? रुची मारावयाची नसून अर्पावयाची आहे. अर्पित होते तो प्रसाद. अनर्पित राहतो तो केवळ भोग.

आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. लिंगायताचे दैवत त्याच्या करस्थळी असते. म्हणून देवालयात एक नियम आणि बाजारात दुसरा, अशी सवड त्यास नाही. पोंकाच्या गाडीपाशीही तो लिंगासन्निधच उभा असतो.

यावर कोणी म्हणेल, 'मग सोपेच झाले! आधी मनात वासना धरावी, नंतर अर्पण केले म्हणावे.' ही शंका रास्त आहे, कारण अर्पणाचा शब्द लोभाचे पांघरूण होऊ शकतो. याची कसोटी गोड घासापाशी लागत नाही. ती अळणी घासापाशी लागते. चांदणी पाडव्याला तुपाने माखलेली घारी ज्या प्रसन्नतेने घेतली, त्याच प्रसन्नतेने दुसऱ्या दिवशीची कोरडी भाकरी घेता आली, तर घारी प्रसाद होती. भाकरी पाहून कपाळास आठी पडली, तर घारीही भोगच होती.

दूरच्या जपान देशातील बौद्ध मठांतही हा विचार झालेला आढळतो. तेथील मठान्नात मांस-मासळी नसते आणि कांदा-लसूणही वर्ज्य. तरी तीळ, टोफू व ऋतूतील भाज्या यांपासून ते मोठ्या निगुतीने रांधतात. कोयासान पर्वतावरील मठांत यात्रेकरू मुक्कामास राहून हे अन्न आवडीने सेवन करतात. झेन आचार्य दोगेन यांनी 1237 साली मठाच्या स्वयंपाक्यासाठी स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि रांधण्यास साधनेची प्रतिष्ठा दिली. हे अन्न किती जणांच्या श्रमातून आले, आपण त्यास पात्र आहोत काय, याचे चिंतन करूनच तेथे भिक्षू जेवावयास आरंभ करतात. यात आमच्या कायकतत्त्वाचाच सूर ऐकू येतो.

कायकाचे स्मरण झाले की आयदक्की मारय्या व लक्कम्मा आठवतात. बसवण्णांच्या महामनेच्या अंगणात सांडलेले तांदूळ वेचणे हे मारय्यांचे कायक. एके दिवशी त्यांनी नित्यापेक्षा अधिक तांदूळ आणले, तेव्हा लक्कम्मांनी अधिकाचे परत पाठविले. त्या तांदळाच्या चवीत दोष नव्हता. दोष गरजेहून अधिकात होता.

म्हणून त्या सद्भक्तास आमचे सांगणे एवढेच. पाहुण्यांना पोंक अवश्य द्यावा, आपणही चवीने खावा. मात्र तो आपल्या प्रामाणिक कायकाचा असावा. भाजणाऱ्याचे मोल घासाघीस न करता द्यावे. आणि ज्या सुरतेत खानदेशातून, ओरिसातून आलेले कामगार रात्रपाळीत यंत्रमाग चालवितात, तेथे आपल्या पानातील वाटा दासोहाच्या रूपाने त्यांच्यापर्यंत पोहोचतो की नाही, हे पाहावे. तो पोहोचत नसेल, तर देवालयातील दर्शनही अपुरेच राहिले असे समजावे.

शरणु शरणार्थी.