शनैश्चराची गती आणि वार्धक्याचा कर्मयोग

॥ श्री शनैश्चराय नमः ॥

सोनई परिसरात दर शनिवारी व शनी अमावास्येला दूरदूरचे भाविक येतात. येथून जवळच असलेल्या शनिशिंगणापूर येथे उघड्या आकाशाखाली उभ्या असलेल्या स्वयंभू शिळेसमोर नतमस्तक होऊन ते आपले गाऱ्हाणे मांडतात. त्यांच्यात वृद्धांची संख्या मोठी असते. अनेकांच्या मनात एकच काळजी असते, की आता शरीर थकले, आपला उपयोग संपला, उरलेले दिवस कसे जातील? या काळजीचे उत्तर भगवंताच्या नावातच दडलेले आहे.

'शनैश्चर' म्हणजे हळूहळू चालणारा. नवग्रहांत हा मंदगती मानला गेला. चंद्र राशिचक्राची फेरी सुमारे सत्तावीस दिवसांत पुरी करतो, तर शनीला त्यासाठी सुमारे साडेएकोणतीस वर्षे लागतात. एका राशीत तो जवळजवळ अडीच वर्षे राहतो. परंतु हळू चालणे म्हणजे थांबणे नव्हे. शनी आपली वाट सोडत नाही व आपले कार्य टाकत नाही. ज्योतिषशास्त्राने या मंदगती ग्रहालाच आयुष्याचा कारक मानले, यात मोठा अर्थ आहे. दीर्घायुष्य ज्याच्या हाती, तो घाईत नाही आणि निष्क्रियही नाही.

मनुष्याच्या आयुष्याला हेच माप लावून पाहावे. शनीची पहिली फेरी पुरी होते तेव्हा माणूस तिशीच्या उंबरठ्यावर, संसाराच्या ऐन भरात असतो. दुसरी फेरी षष्ट्यब्दीपूर्तीच्या सुमारास पुरी होते. तिसरी पुरी होण्यास अठ्ठ्याऐंशी वर्षे लागतात. म्हणजे साठीनंतर एक संपूर्ण फेरी शिल्लक असते. तेवढा काळ खाटेवर बसून मृत्यूची वाट पाहण्यासाठी दिला आहे, असे कोणत्याही धर्मग्रंथाने सांगितलेले नाही. आपल्या आश्रमव्यवस्थेतही वानप्रस्थात मालकी सोडायची असते, परंतु कर्तव्य सुटत नाही. तिजोरीच्या किल्ल्या मुलाच्या हाती द्याव्यात, पण अनुभवाचे भांडार कुलूपबंद ठेवू नये.

सोनई ज्या तालुक्यात आहे, त्या नेवाशातच इ. स. १२९० मध्ये ज्ञानेश्वर महाराजांनी पैस खांबाला टेकून गीतेवरील भाष्य सांगितले. त्या वेळी त्यांचे वय अवघे पंधरा-सोळा वर्षांचे होते. तरीही तेराव्या अध्यायात त्यांनी म्हातारपणाचे इतके बारीक वर्णन केले आहे, की वाचणारा स्तब्ध होतो. पण तेथे केवळ भय नाही. वार्धक्य येण्याआधीच ते ओळखावे आणि डोळे, कान, वाणी, हात व पाय साथ देत आहेत तोवर त्यांच्याकडून सत्कार्य करून घ्यावे, असा त्या विवेचनाचा आशय आहे. म्हणजे वार्धक्याची तयारी तरुणपणीच सुरू झाली पाहिजे.

महाराष्ट्राने अशी जीवने प्रत्यक्ष पाहिली आहेत. वेदमूर्ती पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर यांचा जन्म १८६७ चा. औंध येथे त्यांनी स्वाध्याय मंडळ उभारले. १९४८ मध्ये वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी त्यांना औंध सोडावे लागले. त्या वयात त्यांनी गुजरातमधील पारडी येथे संस्था पुन्हा उभी केली. १९६८ मध्ये वयाची शंभरी पार केल्यावर त्यांचे देहावसान झाले, तोवर वेदांच्या भाषांतराची व प्रकाशनाची त्यांची सेवा अनेक ग्रंथांतून समाजाला लाभली होती. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ मध्ये अठ्ठावन्नाव्या वर्षी महिला विद्यापीठ स्थापिले, एकाहत्तराव्या वर्षी संस्थेसाठी परदेश प्रवास आरंभिला, १९३६ मध्ये ग्रामीण प्राथमिक शिक्षणाचे मंडळ काढले आणि १९४४ मध्ये शहाऐंशीव्या वर्षी समता संघ स्थापिला. शंभराव्या वर्षी, १९५८ मध्ये, ते भारतरत्न झाले. गती मंद झाली, पण व्रत खंडित झाले नाही.

'ते थोर पुरुष होते, आमचे काय?' असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आपल्या परिसरातच आहे. सोनईचा साखर कारखाना हंगामात सुरू होतो, तेव्हा उसाच्या फडात तोडणी कामगारांच्या टोळ्या उतरतात. त्यांच्या मूळ गावी मागे राहिलेली घरे, नातवंडे व जनावरे अनेकदा आजी-आजोबाच सांभाळतात. नातवाला वेळेवर शाळेत धाडणारी आजी कोणत्याही ग्रंथात नसते, परंतु तिचे कर्म शनिदेवाच्या दरबारात तोलले जाते, अशी भाविकांनी श्रद्धा बाळगावी. मात्र वृद्धांच्या या सेवेचा भार त्यांच्या शक्तीबाहेर जाऊ नये, हे पाहणे मुलांचे कर्तव्य आहे.

ज्यांचे शरीर अंथरुणाला खिळले आहे, त्यांनी स्वतःस दोषी मानू नये. आजार म्हणजे शनीचा कोप नव्हे. नातवाचे ऐकून घेणे, सुनेला दोन आशीर्वादाचे शब्द देणे, नामस्मरण करणे, हेही कर्मच आहे.

कर्मासाठी देह हे साधन आहे. त्याची निगा हा धर्म आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार पासष्ट वर्षांवरील व्यक्तींनी आठवड्यात किमान दीडशे मिनिटे चालण्यासारखी हालचाल करावी आणि तीन दिवस तोल व बळ वाढविणारे व्यायाम करावेत. प्रकृतीप्रमाणे वैद्यांना विचारून सुरुवात करावी. मधुमेह असणाऱ्यांनी शनिवारच्या उपवासापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. औषध चुकवून केलेले व्रत देवास प्रिय नाही. अशा भाविकांच्या तळपायांची संवेदना कमी झालेली असू शकते, म्हणून भर उन्हात तापलेल्या फरशीवर अनवाणी चालणे टाळून सकाळी वा सायंकाळी दर्शन घ्यावे. डोळे व कान वेळीच तपासून घ्यावेत, कारण ऐकू न आल्याने अनेक वृद्ध घरातल्या घरात एकटे पडतात.

मुलाबाळांनी आई-वडिलांना तीर्थयात्रा घडविणे पुण्याचे आहेच, पण घरी परतल्यावर त्यांचा सल्ला विचारणे त्याहून मोठे आहे. २००७ च्या कायद्याने आई-वडिलांचा सांभाळ मुलांवर बंधनकारक केला असून, उपेक्षित वृद्धांना उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. तथापि ज्या घरात कायद्याची आठवण करून द्यावी लागते, तेथे तेलाचा अभिषेक कितीही केला तरी न्यायदेवता कशी संतुष्ट होईल? दानशूर भाविकांनीही अभिषेकासोबत एखाद्या गरीब वृद्धाचा चष्मा, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया किंवा महिन्याचे औषध आपल्या गावी जरूर द्यावे.

ज्येष्ठ भाविकांनी या क्षेत्रातून परतताना एवढा एकच संकल्प करावा, की रोज एक काम दुसऱ्यासाठी, हळू का होईना, पण न चुकता करीन. साडेसातीचे भय ज्यांना वाटते, त्यांच्यासाठीही याहून सोपी उपासना नाही. शनैश्चर सर्वांना दीर्घ, निरामय व उपयुक्त आयुष्य देवो.

॥ शुभं भवतु ॥