रोगाचे नाव

खरे बोलावे, हे आपण मुलांना शिकवतो. पण खऱ्या शब्दाचे माप कसे द्यावे, हे कोणत्याच क्रमिक पुस्तकात नसते. शब्द अगदी खरा असावा आणि ऐकणाऱ्याच्या मनात मात्र त्याने खोटे चित्र उभे करावे, असे होऊ शकते. यंदाच्या चैत्रात माझ्या नाकाच्या डाव्या पाळीवरचा, मिऱ्याएवढा काळा चकचकीत दाणा शस्त्रक्रियेने काढला, आणि तेव्हापासून हा प्रश्न मला दिवसातून चार-पाचदा सोडवावा लागू लागला. कारण त्या दाण्याचे नाव होते कर्करोग.

वैद्यकाच्या भाषेत बेसल सेल कार्सिनोमा. कातडीच्या वरच्या थराच्या तळाशी ज्या पेशी असतात, त्यांच्यात तो उपजतो. उन्हाशी त्याचे जुने नाते. म्हणून तो बहुधा चेहऱ्यावर येतो. गोऱ्या कातडीच्या लोकांत याच्याइतका नेहमीचा कर्करोग दुसरा नाही. आपल्या सावळ्या वर्णातले रंगद्रव्य ऊन अडवते, त्यामुळे आपल्याकडे तो कमी. आणि आला तरी पुष्कळदा काळ्या तिळाचे सोंग घेऊन येतो. १८२७ साली डब्लिनच्या आर्थर जेकब या डॉक्टराने पापण्यांवरच्या अशा व्रणाचे वर्णन लिहून ठेवले. पुढे इंग्रजीत त्याला उंदरासारखा कुरतडणारा व्रण, अशा अर्थाचे नाव पडले, आणि ते त्याला शोभते. सोडून दिला तर तो नाक खाईल, डोळा खाईल. पण शरीरात दूरवर पसरल्याची उदाहरणे अत्यंत विरळा. वेळेवर समूळ काढला की बहुधा काम संपते. म्हणजे जातीने कर्करोगच. पण ज्या आजाराच्या नावाने घरातली माणसे आवाज खाली आणतात, तो हा नव्हे.

शस्त्रक्रिया पाऊण तासाची. भूल तेवढ्या जागेपुरती. दाणा आणि त्याच्या भोवतीची थोडी निरोगी कातडी कापून काढली, शेजारची कातडी सरकवून जागा भरली, टाके घातले. सहाव्या दिवशी टाके निघाले. काढलेला तुकडा तपासणीला गेला होता. त्याच्या कडा मोकळ्या आहेत, असा कागद आला. व्रण लालसर राहणार काही महिने, बसणार वर्षभरात. बाईमाणूस म्हणून मला त्या व्रणाचे दुःख असेल, असे पुष्कळांना वाटते. नाही, असे म्हणवत नाही. पण ते दुःख आरशापुरते आहे. आरशाला उत्तर द्यावे लागत नाही. माणसांना द्यावे लागते.

गप्प राहता आले असते, असे कोणी म्हणेल. पोटातल्या आजाराबद्दल माणूस गप्प राहू शकतो. नाकावरच्या पट्टीला ती सोय नाही. त्यातून आपल्या देशात नाकावरची जखम कधीच नुसती जखम नसते. नाक कापणे ही येथे पूर्वापार शिक्षा होती, आणि अब्रूविषयीच्या आपल्या निम्म्या म्हणी नाकाभोवती फिरतात. तिसऱ्या म्हैसूर युद्धात इंग्रजांच्या फौजेबरोबर असलेला कावसजी नावाचा बैलहाक्या टिपूच्या माणसांच्या हाती सापडला. त्यांनी त्याचे नाक कापले. पुण्याच्या एका कारागीर वैद्याने त्याच्या कपाळाची कातडी वळवून ते पुन्हा बसवले. १७९४ साली लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये ती हकीकत चित्रासह छापून आली, आणि १८१४ साली जोसेफ कार्प्यू या इंग्रज शल्यविशारदाने तीच रीत तेथे वापरली. शेजारच्या कातडीने उणे भरून काढण्याची ती विद्या सुश्रुतापासूनची; माझ्या पाळीवर केले ते तिचेच धाकटे रूप. परंतु सांगायचे ते वेगळे. माझी पट्टी पाहून शाळेतल्या एका सहकारी बाईंनी मला कोपऱ्यात घेतले आणि हलकेच विचारले, "घरी सगळं ठीक आहे ना?" माझ्या गप्प राहण्याने बिचाऱ्या यजमानांवर केवढा आरोप आला असता!

तेव्हा बोलणे भाग. मग काय बोलावे? "तीळ काढला," असे म्हटले तर ऐकणारा अगदी योग्य तेवढीच काळजी करतो आणि आपल्या कामाला लागतो. वाक्य खोटे, परिणाम खरा. "कर्करोग झाला होता," असे म्हटले तर समोरच्याचा चेहरा उतरतो, हात पुढे येतो, देवाचे नाव निघते. वाक्य खरे, परिणाम खोटा. आणि त्या परिणामात मला जी माया मिळते, ती दुसऱ्या कोणाच्या तरी वाट्याची असते.

धर्मराजाची गोष्ट येथे आठवते. अश्वत्थामा नावाचा हत्ती खरोखरच मेला होता. शब्दाला शब्द लावून पाहिले तर धर्म असत्य बोललाच नाही. तरीही जमिनीपासून चार बोटे वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला. महाभारताने न्याय केला तो द्रोणाने काय ऐकले यावरून. पण याच्या उलटा प्रश्न व्यासांनी सोडवलेला नाही: शब्द खोटा आणि ऐकणाऱ्याची समजूत खरी, तर रथ वर राहतो का? मला वाटते, राहत नाही. कारण समोरच्याला किती सत्य पचेल, हे त्याच्या वतीने आपणच ठरवलेले असते, आणि या ठरवण्याला एकदा सवलत दिली की लबाडांना तीच पुरते.

मुलांपुढे हे सोपे गेले. सातवीच्या वर्गात मी फळ्यावर कातडीचे थर काढले, दाणा काढला, नाव लिहिले. मागच्या बाकावरून एकाने विचारले, "बाई, परत होणार का?" "होऊ शकतो," मी म्हटले. एकदा झालेल्याला दुसरा होण्याचा संभव अधिक असतो, म्हणून सहा महिन्यांनी तपासणी आणि उन्हात छत्री. मुलांनी नाव आणि माप दोन्ही एकदम घेतले.

मोठ्यांचे तसे नसते. आमच्या शेजारच्या काकूंचे यजमान तंबाखूपायी जबड्याच्या कर्करोगाने आजारी आहेत. किरणांचे उपचार चालू आहेत. एका संध्याकाळी त्या घाईने आल्या. "बाई, तुम्हालासुद्धा?" म्हणाल्या आणि माझा हात धरून बसल्या. मी काही सांगण्याआधी त्यांनी आपले सगळे सांगितले: गिळता न येणे, गहाण पडलेला दागिना, मुलीपासून लपवलेला कागद. आजवर भिंतीपलीकडच्या कोणालाही त्यांनी हे सांगितले नव्हते. मला सांगितले, कारण एकाच नावेत बसलो आहोत, असे त्यांना वाटले. मी ऐकून घेतले. मग माझा आजार केवढा, तो कसा संपला, हे सांगितले. त्या क्षणी गप्प राहणे सोपे होते, कदाचित दयाळूपणाचेही. पण उद्या माझी पट्टी निघाली असती आणि मी धडधाकट हिंडले असते, तेव्हा त्यांच्या यजमानांच्या आजाराबद्दल त्यांनी काय आशा बांधली असती?

त्यांनी हात सोडला. रागाने नव्हे. "बरं झालं हो," म्हणाल्या, पदर सावरला, आणि एसटीच्या वेळा विचारू लागल्या.

नंतर दोन महिने त्या आल्या नाहीत. गेल्या आठवड्यात नळावर भेटल्या. माझ्या नाकाकडे नीट निरखून पाहिले आणि म्हणाल्या, "चांगलं भरून आलंय." मी त्यांच्या यजमानांचे विचारले. त्यांनी कळशी खाली ठेवली.