बांधावरचे भांडण

२००८ सालची दिवाळी मी अमेरिकेत, न्यू जर्सीला माझ्या पुतणीच्या घरी केली. त्या गावात मराठी घरे बरीच. पुतणीची एक मैत्रीण दोन गल्ल्या सोडून राहते. दोघींचा स्नेह जुना. चकलीची भाजणी एकीने करायची आणि अनारशाचे पीठ दुसरीने, हा त्यांचा दरवर्षीचा करार. त्या वर्षी मात्र दोन्ही घरांत सारेच वेगवेगळे झाले. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी फराळाचे ताट गेले ते मुलाच्या हाती, आणि आले तेही मुलाच्याच हाती. पुतणीने ताटावरचा रुमाल उचलला, एक चकली मोडून पाहिली, आणि काही न बोलता ताट पुन्हा झाकून ठेवले.

भांडणाचे कारण कळले तेव्हा मला प्रथम हसूच आले. पैशाचा व्यवहार नाही, मुलाबाळांचे काही नाही. डेमोक्रॅटिक पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार कोण असावा, यावरून दोघींचे बोलणे मार्चपासून बंद होते. आणि दोघी त्याच पक्षाच्या!

आपल्याकडे उमेदवार ठरवतात ते पक्षाचे श्रेष्ठी, आणि रुसवेफुगवे होतात ते बहुधा बंद दाराआड. तिकडची रीत निराळी आहे. तिथे पक्षाचा उमेदवार निवडण्यासाठी सामान्य मतदार मत देतात. जानेवारीपासून जूनपर्यंत एकेका राज्यात ही प्राथमिक निवडणूक, म्हणजे प्रायमरी, चालते. तिच्यातून प्रतिनिधी निवडले जातात, आणि उन्हाळ्यातल्या अधिवेशनात ते उमेदवारावर शिक्कामोर्तब करतात. विरुद्ध पक्षाशी सामना नोव्हेंबरात. त्याआधी पाच-सहा महिने घरातल्या घरातच लढायचे.

त्या वर्षी ही घरातली लढाई हिलरी क्लिंटन आणि बराक ओबामा यांच्यात झाली. मैत्रीण ओबामांच्या बाजूची. २००२ साली इराकवरच्या युद्धाला संमती देणाऱ्या ठरावाला क्लिंटनबाईंनी सेनेटमध्ये मत दिले होते, तर त्याच महिन्यात ओबामांनी शिकागोच्या सभेत त्या युद्धाला विरोध केला होता. ‘हे मी विसरू कशी?’ असे तिचे म्हणणे. पुतणीचे म्हणणे आरोग्यविम्याचे. प्रत्येक नागरिकाने विमा घेतलाच पाहिजे, ही क्लिंटनबाईंची योजना. ओबामांच्या योजनेत ती सक्ती फक्त मुलांपुरती होती. पुतणीचे आणखी एक कारण होते, ते ती सहसा बोलून दाखवत नसे. कचेरीतल्या बैठकीत बारा पुरुषांत ती एकटी स्त्री असे, आणि तिने मांडलेली कल्पना दहा मिनिटांनी एखाद्या पुरुषाने मांडली की तिचे कौतुक होई.

आता गंमत पाहा. पुतणीच्या शेजारी एक वृद्ध गोरे गृहस्थ राहत. त्यांच्या हिरवळीवर रिपब्लिकन पक्षाच्या जॉन मॅकेन यांच्या नावाची पाटी रोवलेली. पुतणीला जे जे हवे ते बहुतेक या गृहस्थांना नको. तरी सकाळी अंगणातली पाने झाडताना दोघे हसून बोलत. चकल्यांचा डबाही पुतणीने त्यांच्याकडे स्वतः नेऊन दिला. आणि जिच्याशी शंभरातल्या नव्वद गोष्टींत एकमत, त्या मैत्रिणीचे नाव निघाले की हिचा चेहरा बदले.

भाऊबंदकी हा शब्द आपल्या भाषेत उगीच आलेला नाही. कोर्टकचेऱ्या होतात त्या शेजारच्या शेताच्या बांधावरून, आणि शेजारचे शेत बहुधा सख्ख्या नाहीतर चुलत भावाचेच असते. दहा कोसांवरच्या जमीनदाराशी आपले वैर नसते, कारण त्याचा नांगर आपल्या बांधाला लागत नाही. मतांचेही तसेच असावे. दूरचा माणूस माझ्याहून निराळे बोलला, तर त्याच्या श्रद्धाच निराळ्या म्हणून मी सोडून देतो. पण माझ्याच श्रद्धा मानणारी, माझ्याइतकीच शहाणी आणि माझ्याइतकीच भली व्यक्ती निराळा निर्णय घेते, तेव्हा माझी पंचाईत होते. कदाचित चुकलो मीच असेन, ही शंका तिच्याकडे पाहूनच मनात उभी राहते. ती शंका सोसवत नाही. मग सोपी वाट एकच उरते: ती व्यक्ती माझ्याइतकी भली नाहीच, असे ठरवून टाकायचे.

त्या वर्षी नेमके हेच झाले. ओबामांची बाजू घेणारा स्त्रीद्वेष्टा ठरू लागला आणि क्लिंटनबाईंची बाजू घेणारा वर्णद्वेष्टा. दोन्ही आरोप सर्वस्वी निराधार असते तर बरे झाले असते. पण तसे नव्हते. दोन जुने अन्याय एकाच दाराशी एकाच वेळी येऊन उभे राहिले होते, आणि दार एकेकालाच आत घेणारे होते. आधी कोण, हा खरा पेच होता.

हा पेच त्या देशाला नवा नव्हता. गुलामगिरी संपल्यावर काळ्या पुरुषांना मताधिकार आधी द्यावा, की स्त्रियांसह सर्वांना एकदम, या प्रश्नावर फ्रेडरिक डग्लस आणि सुझन अँथनी हे जुने सहकारी १८६९ साली भरसभेत एकमेकांविरुद्ध उभे राहिले. स्त्रियांच्या बाजूने काळ्या पुरुषांविषयी बोलू नये ते बोलले गेले. स्त्रियांच्या मताधिकाराची चळवळ दुभंगली, ती १८९० साली पुन्हा एक झाली. पण व्यक्तींचा स्नेह तुटला नाही. २० फेब्रुवारी १८९५ रोजी डग्लस वारले. त्याच दिवशी ते वॉशिंग्टनला स्त्रियांच्या एका सभेला जाऊन आले होते, आणि तिथे अँथनीबाईंनी त्यांना सन्मानाने व्यासपीठावर नेले होते.

मग भांडूच नये काय? मला तसे वाटत नाही. ‘आता पुरे, एकी करा’ हा उपदेश बहुतेक वेळा जिंकणाऱ्याच्या तोंडून येतो, आणि त्याला तो फार स्वस्त पडतो. २०१६ साली क्लिंटनबाई आणि बर्नी सँडर्स यांच्यात सामना झाला. फिलाडेल्फियाच्या अधिवेशनाच्या तोंडावर पक्षकचेरीतला पत्रव्यवहार उघडा पडला. ज्यांनी तटस्थ राहायचे ते अधिकारी सँडर्सविरुद्ध आपापसांत लिहीत होते. पक्षाच्या अध्यक्षाबाईंना पद सोडावे लागले. अधिवेशनात सँडर्सच्या अनुयायांनी आरडाओरडा केला, तो शोभला नाही हे खरे. पण त्यांना राग येऊ नये असे कोण म्हणेल?

म्हणून राग खरा कोणता आणि नुसता पराभवाचा कोणता, हे ओळखण्याची एक कसोटी हवी. मला सुचते ती अशी: माझा माणूस याच रीतीने जिंकला असता, तर मी ही तक्रार केली असती काय? तटस्थांनी पक्षपात केला, ही तक्रार या कसोटीला उतरते. २००८ ची एक तक्रार उतरत नाही. फ्लॉरिडा आणि मिशिगन या राज्यांनी पक्षाचा नियम मोडून निवडणूक लवकर घेतली, म्हणून त्यांचे प्रतिनिधी बाद ठरले होते. पुढे क्लिंटनबाई मागे पडल्यावर त्यांच्या अनुयायांनी ती मते पूर्ण मोजण्याचा आग्रह धरला. मिशिगनच्या मतपत्रिकेवर तर ओबामांचे नावही नव्हते. पुतणीला मी ही कसोटी सांगितली तेव्हा ती बराच वेळ गप्प राहिली, आणि मग म्हणाली, “काका, तुम्ही हरलेल्या बाजूला कधी नव्हता वाटतं!”

तिचा टोला मला लागला. हरलेल्याला कसोटी सांगण्याआधी जिंकलेल्याने आपले देणे द्यायला हवे. ते देणे त्या वर्षी दोन्ही बाजूंनी बऱ्याच अंशी दिले गेले. ७ जूनला क्लिंटनबाईंनी माघार घेतली आणि ओबामांना पाठिंबा दिला. ओबामांनी आपल्या देणगीदारांना त्यांच्या प्रचाराचे कर्ज फेडायला हातभार लावायला सांगितले. २७ जूनला दोघांनी न्यू हॅम्पशायरमधल्या युनिटी नावाच्या खेड्यात एकत्र सभा घेतली. युनिटी म्हणजे एकी. आणि त्या खेड्यात जानेवारीत दोघांना सारखीच, १०७-१०७ मते पडली होती! ऑगस्टमध्ये डेन्व्हरच्या अधिवेशनात ओबामांना एकमताने उमेदवार करावे, ही सूचना क्लिंटनबाईंनीच मांडली. पुढे ओबामांच्या मंत्रिमंडळात त्या परराष्ट्रमंत्री झाल्या.

पुढाऱ्यांचे असे जुळते. त्यांना व्यासपीठ असते, पद असते, हस्तांदोलन टिपणारे छायाचित्रकार असतात. अनुयायांना यातले काही नसते. दोन गल्ल्यांपलीकडच्या मैत्रिणीला ‘तू वर्णद्वेष्टी आहेस’ असे म्हटले असेल, तर ते परत घ्यायला कुठले अधिवेशन भरत नाही. म्हणून मला वाटते, घरच्या भांडणात मताविषयी हवे तेवढे कडक बोलावे, पण माणसाविषयी बोलताना जपावे. बांध कोरला तर पुढच्या वर्षी पुन्हा घालता येतो; विहिरीत विष कालवले तर दोघांचीही तहान भागत नाही.

पुतणी त्या वर्षी मतदानाला जाणारच नाही म्हणत होती. ४ नोव्हेंबरला संध्याकाळी ती जाऊन आली. मत कोणाला दिले ते मी विचारले नाही, आणि तिनेही सांगितले नाही.

२०१० च्या मार्चमध्ये ओबामांनी आरोग्यविम्याच्या कायद्यावर सही केली. प्रत्येकाने विमा घेतलाच पाहिजे, हे क्लिंटनबाईंचे कलम त्यात होते. दोन वर्षांपूर्वी ज्यावरून दोघींत शब्दाने शब्द वाढला, तेच! त्या रात्री मैत्रिणीचा पुतणीला फोन आला. “तुझंच खरं होतं गं,” एवढेच ती म्हणाली.

पुतणीने हे मला पुण्याला फोन करून सांगितले. मी म्हटले, “मग आता झालं ना तुझं समाधान?”

थोडा वेळ पलीकडून काही ऐकू आले नाही. मग ती म्हणाली, “नाही हो काका. इराकच्या बाबतीत तिचं खरं होतं, हे मी तिला अजून कधी म्हटलेलंच नाही.”

त्या वर्षीची भाजणी पुन्हा एकाच घरात झाली.